कुमी चार वेळा मागे वळली

ईशान, रेवा, कुमीआजीच्या तेराव्याला तुम्ही दोघं परदेशातून फोनच्या पडद्यावर होतात. सगळे पांगल्यावर रेवाने मला विचारलं, "आजी, कुमीआजी मला वाढदिवसाला जे पत्र पाठवायची ना, त्यात वाक्यच का नसायचं?" तिने जपून ठेवलेलं एक कार्ड पडद्यासमोर धरलंही होतं: "रेवा केक फुगा छान आजी दोन." मी म्हटलं, "तिला ऐकू येत नव्हतं ना बाळा, म्हणून." रेवाला ते पटलं. ते उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे, आणि साठ वर्षांहून जास्त काळ मी सगळ्यांना तेवढंच देत आले आहे. माझ्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते म्हणून तुम्ही मला हसता. या एका डब्यावर मात्र मी चिठ्ठी लावली नाही. आता कुमी नाही, दादा नाहीत, आई नाही. उरलेलं अर्धं उत्तर लिहून ठेवते.

कोपरगावच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आमचं लहानपण गेलं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. उसाच्या रसाचे नमुने काढायचे, तपासायचे, वहीत टिपायचे, हे त्यांचं काम, आणि घरातही ते तसेच होते. दुधात पाणी आहे का, हे चव घेऊन सांगणाऱ्याला ते म्हणत, "जीभ हे उपकरण नव्हे." दिवाळीच्या आसपास गाळप सुरू झालं की कॉलनीचा वासच पालटायचा. मळीचा आंबूस गोड वास उशीच्या अभ्र्यांपर्यंत पोचायचा. चिमणीतली काजळी अंगणातल्या दोरीवर उतरायची, म्हणून आई पांढरं काही बाहेर वाळत घालत नसे. उसाच्या बैलगाड्यांची रांग आमच्या कुंपणापर्यंत यायची, आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज इतका सततचा असायचा की गाळप संपल्यावर पहिले काही दिवस कान रिकामे वाटायचे. या सगळ्यावर दिवसातून तीन वेळा भोंगा. तो वाजला की खिडकीची तावदानं थरथरत आणि मांडणीवरची भांडी एकमेकांना लागत.

घरात आम्ही पाच जण होतो. दादा, आई, मी, माझ्याहून चार वर्षांनी लहान कुमी, आणि दादांची मोठी बहीण, आमची आत्या. आत्या शेवगावकडच्या कोरडवाहू शेतातून आलेली. दादा शिकून शहरी बोलायला लागले होते, आत्या तशीच राहिली. सकाळी मिश्री लावताना ती कोणाशी बोलत नसे आणि एकदा चूळ भरली की दिवसभर थांबत नसे. थंडीत ती हुलग्याचे शेंगोळे करायची. पिठाच्या वळकट्या करायला आम्हा दोघींना समोर बसवायची. माझ्या वाकड्यातिकड्या व्हायच्या, कुमीच्या एकसारख्या. "बघ शैला, तुझ्यापरीस बारकी हाय, पन हात बघ तिचा," आत्या म्हणायची. "देवानं तोंडातलं काढून हातात घातलंय."

कारण कुमी चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हसायची, रडायची, रागावली की चिरकायची, पण शब्द नाही. शब्दांच्या जागी तिच्याकडे हात होते. ती बोलायची, हे मी आज अगदी खात्रीने सांगू शकते. नाकावर चष्मा सरकवला की दादा. दातांवरून बोट फिरवलं की आत्या. खांद्यांवरून दोन वेण्या खाली ओढल्या की मी. तळहात छातीवर ठेवून थरथरवला की भोंगा, आणि भोंगा म्हणजेच कारखाना, आणि दादा यायची वेळही. यातल्या काही खुणा तिने काढल्या, काही मी. आंबट म्हणायचं तर ती डोळा बारीक करायची. "उद्या" कसं सांगायचं, याच्यावर आमचं बरेच दिवस अडलं होतं. शेवटी गालाखाली हात घेऊन झोपायचं आणि मग डोळे उघडायचे, असं ठरलं. "काल" आम्हाला काही सापडला नाही. मी आठ वर्षांची होते, मला वाटलं, पुढे कधीतरी सापडेल.

तिला ऐकू येत नसेल, ही शंका कोणाला आली नाही असं नाही. आईला यायची. पण दर वेळी आमचा भोंगा मध्ये यायचा. दुपारी चारला भोंगा व्हायच्या सुमारास कुमी जिथे असेल तिथून उठून दाराशी पळायची, छातीवर हात ठेवायची आणि दादांच्या सायकलीची वाट बघत उभी राहायची. रोज. शेजारच्या बायकांना आई ते दाखवायची. "भोंगा ऐकते म्हणजे कान आहेत," असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मग उरली फक्त जीभ. तिच्यासाठी आत्याने मधात वेखंड उगाळून चाटवलं. राहात्याच्या पेरूच्या बागेत तिच्या ओळखीचं कोणी होतं, त्यांच्याकडून पोपटाने चोच मारलेले पेरू मागवले. "राघूचं उष्टं खाल्लं की पोर राघूवानी बोलतं," ती सांगायची. कुमीने ते पेरू आनंदाने खाल्ले आणि पोट दुखलं तेव्हा पोटावर हात फिरवून मला सांगितलं.

त्या हिवाळ्यात कारखान्याच्या दवाखान्यात शहरातले एक डॉक्टर आठवड्यातून एकदा यायला लागले. दादांनी कुमीला दाखवायचं ठरवलं. जेवताना ते आईला म्हणाले, "कान गेलेले असले तर तिला लांबच्या शाळेत ठेवावं लागतं म्हणे. वसतिगृहात. लहान वयातच."

आईचा हात वाढता वाढता थांबला. "चार वर्षांची पोर? तिला रात्री पाणी लागलं तर कुणाला सांगेल ती?"

"तपासू तर दे आधी."

मी ताटात बघत होते. कुमी माझ्या ताटातला भाकरीचा पापुद्रा काढून खात होती. मला त्या बोलण्यातलं एवढंच कळलं, की परीक्षा आहे, आणि ती नापास झाली तर तिला घेऊन जाणार.

परीक्षा पास कशी व्हायची, हे मला माहीत होतं. मी वर्गात पहिली यायचे. दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आले की मी कुमीला कडुनिंबाखाली बसवायचे आणि तिच्यासमोर बसून एक खेळ खेळायचे. मी डाव्या वेणीला हात लावला की तिने मागे वळून बघायचं. वळली की तिला काकवीचं बोट. दोन दुपारींत तिला ते जमलं. तिसऱ्या दुपारी मी नुसती वेणीकडे बोटं नेली तरी ती वळायला लागली, आणि वळून परत माझ्याकडे बघून अशी हसायची, जणू जगात आम्हा दोघींनाच काहीतरी ठाऊक आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला स्टुलावर बसवलं. मला समोरच्या बाकावर बसू दिलं, कारण मी नजरेआड झाले की ती रडायची. डॉक्टर तिच्या मागे उभे राहिले. त्यांनी पितळी घंटी वाजवली. मी वेणीला हात लावला. कुमी वळली. त्यांनी डाव्या बाजूला जाऊन स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवला, ती वळली. टाळी वाजवली, वळली. मग जवळजवळ कुजबुजल्यासारखं "कुमुद" म्हणाले, आणि मी वेणी ओढली, आणि ती वळली. चार वेळा. आई भिंतीला टेकून उभी होती, ती डोळ्यांना पदर लावून हसत होती.

"कान उत्तम आहेत," डॉक्टर दादांना म्हणाले. "लाडावलेली आहे. सगळं हातवाऱ्यांनी मिळतंय, मग कशाला बोलेल? ते हातवारे आधी बंद करा. गरज पडू द्या. आपोआप बोलेल."

त्या दिवशी घरात पुरण शिजलं. आत्याने कुमीवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. "म्या म्हनलं हुतं का न्हाई? कान बी हायेत, जीभ बी हाय. नुसता हट्ट हाय पोरीचा." मी तीन पुरणपोळ्या खाल्ल्या. मी कुमीला वाचवलं होतं.

इथे थांबून तुम्हाला एक गोष्ट सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही. मी पुढे नगरला शिकले, शिक्षिका झाले, इंग्रजी शिकवू लागले. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासाला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यात लहान मुलाच्या मेंदूवर एक प्रकरण होतं. जन्मल्यावर पहिली काही वर्षं मेंदूत असंख्य वाटा फुटत असतात. ज्या वाटांवरून ये-जा होते त्या पक्क्या होतात, ज्यांच्यावरून होत नाही त्या बुजत जातात. भाषेच्या वाटांचे हेच दिवस. शब्द माणूस म्हातारपणीही शिकतो. पण शब्दाला शब्द जोडायचा, काल आणि उद्या वेगळे ठेवायचे, "जर" म्हटलं की "तर"ची वाट बघायची, हे ज्याला त्या वयात कुठल्याच भाषेतून मिळालं नाही, त्याला पुढे ते पुरतं मिळत नाही. कितीही कष्ट केले तरी. तुम्ही माझ्या इंग्रजी उच्चारांना हसता आणि मी तुमच्या "ळ"ला हसते, हे त्याचंच अगदी किरकोळ रूप. वाचनालयात ते प्रकरण वाचताना शेवटी एक वाक्य आलं, की ही भाषा कानानेच यायला हवी असं नाही, डोळ्यांनी आणि हातांनी आलेली भाषाही मेंदूला तितकीच चालते. ते वाचून मी पुस्तक मिटलं.

कारण आम्ही तिचे हात बंद केले होते. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आई रोज सकाळी कुमीसमोर पाण्याचा पेला घेऊन उभी राहायची. "म्हण, पाणी. पा-णी. म्हटल्याशिवाय मिळणार नाही." कुमी अंगठा ओठांकडे न्यायची. आई तिचा हात खाली दाबायची. कुमी पुन्हा न्यायची, आई पुन्हा दाबायची. कुमी माझ्याकडे बघायची, मग आपल्या हाताकडे बघायची, जणू त्याच्यातच काहीतरी बिघडलं आहे. एकदा तिने आईच्या तोंडाची नक्कल करत ओठ मिटले आणि उघडले, पण आवाज काढायचा असतो हे तिला कुठून कळणार? आई म्हणाली, "बघितलंस शैला? मुद्दाम करते. ऐकू येतं ना तिला, मग मुद्दामच करते की नाही?" मी मान हलवली. तिला ऐकू येत नाही हे माहीत असतं तर आईने तिला कधीच छळलं नसतं. पण तिला ऐकू येतं, हे मी सिद्ध करून दिलं होतं. आई वळली की मी मोरीत नेऊन तिला ओंजळीने पाणी पाजायचे. हात मात्र मीही बोलते ठेवले नाहीत. दादांनी मला बजावलं होतं आणि मी आज्ञाधारक होते. हळूहळू कुमीने हात वापरायचे सोडले. आम्हाला वाटलं, आता बोलेल. ती गप्प झाली, इतकंच झालं.

अशी तीन वर्षं गेली. कुमी सातची झाली, मी अकराची. त्या वर्षी ऐन गाळपात बॉयलरचं काहीतरी निघालं आणि कारखाना दोन दिवस बंद राहिला. दादा दुपारी घरीच होते, ओसरीवरच्या बाजेवर वाचत पडले होते. आईने नेहमीप्रमाणे घड्याळ बघून चहाचं आधण ठेवलं आणि मांडणीवरून दादांचा मोठा कप काढला. कुमी उठली आणि दाराशी पळाली. तिने छातीवर हात ठेवला. तशीच उभी राहिली. मग हात किंचित उचलून पुन्हा ठेवला, दाबून बघितला, आणि गोंधळून आईकडे वळली.

दादा बाजेवर उठून बसले. "आज भोंगा कुठे वाजला?"

"वाफच नाही तर वाजेल कुठून?" आई म्हणाली.

"मग ही पळाली कशाला?"

आईने हातातल्या कपाकडे बघितलं. दादांनीही बघितलं. रोज भोंग्याआधी तो कप निघायचा. त्यांनी आम्हाला सगळ्यांना अंगणात काढलं, मलासुद्धा. मी खिडकीतून बघत होते. जमिनीचा हादरा तिला पोचू नये म्हणून त्यांनी गोधड्यांच्या चार घड्या टाकल्या, कुमीला त्यावर पाठमोरी बसवलं, हातात पाटी-पेन्सिल दिली. मग पितळी परात दोरीने अधांतरी धरून ती त्यांनी लाटण्याने हाणली. अंगणात आत्याने कान झाकले. शेजारणीच्या कोंबड्या फडफडत उडाल्या. कुमी पाटीवर उसाची गाडी काढत होती. ती चाकाचे आरे काढत राहिली. दादांनी पुन्हा हाणली, पुन्हा, आणि मग त्यांच्या हातातून परात खाली पडली, आणि जमीन हादरल्यावर कुमीने वळून बघितलं आणि त्यांना पाटी दाखवली.

ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मी ओळखला नाही. "शैला, तेव्हा दवाखान्यात तू कुठे बसली होतीस?"

मी सांगितलं. सगळं. वेणी, कडुनिंब, काकवी. वाटलं होतं मारतील. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "तू आठ वर्षांची होतीस," ते म्हणाले. "मी नमुने तपासणारा माणूस. तुला समोरून उठवायला मला सुचलं नाही." मग दाराकडे बघत हळूच म्हणाले, "आईला सांगू नकोस. ती सहन नाही करणार."

मी सांगितलं नाही. आई जन्मभर त्या पाण्याच्या पेल्यासाठी स्वतःला दोष देत राहिली. कुमीला तहान लागायच्या आधीच ती तिच्यापुढे पेला ठेवायची, कुमी चाळीस वर्षांची झाली तरी. "मीच गं तिची जीभ मारली," असं माझ्याशी कितीदा बोलली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवायचे. दादांची आज्ञा होती हे खरं, पण ती आज्ञा मला सोयीची होती हेही खरं आहे.

दादांनी महिन्याभरात कुमीला पुण्याच्या एका मूकबधिर शाळेत नेलं. मीही गेले होते. तिथल्या मुख्य बाईंनी तिच्यासमोर चित्रं ठेवली, तिने काय काय केलं ते बघितलं, आणि पेन खाली ठेवलं. "मुलगी हुशार आहे हो. सात पूर्ण?"

"सात पूर्ण," दादा म्हणाले. "मेहनत आम्ही कितीही करू."

"मेहनत तीही करील. शब्द येतील तिला, लिहायला येईल, हाताला काम येईल." बाईंनी चित्रं गोळा केली. "तीन-चार वर्षांची असताना आणली असतीत तर मी तुम्हाला याहून जास्त सांगितलं असतं."

घरी आल्यावर दादांनी आत्याला ते समजावून सांगितलं. आत्या निवडायला घेतलेली बाजरी तशीच टाकून ऐकत होती. "म्हंजी वाफसा गेला म्हन की," ती म्हणाली. कोरडवाहूतली माणूस होती ती. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना ओली ना कोरडी असते, ते चार दिवस पेरणीचे. ते हुकले की बी चांगलं असून, शेत चांगलं असून उपयोग नसतो. "व्हय, चार दानं उगवत्यात," आत्या म्हणाली. "पन त्याला पीक न्हाई म्हनत."

चार नव्हे, कुमीला शेकडो शब्द आले. शाळेच्या वसतिगृहात तिच्या खोलीत तिच्याच वयाची एक मुलगी होती, तिला तिच्या घरच्यांनी अडीचाव्या वर्षी आणलं होतं. तीही जन्मापासून बहिरी. ती घरी दोन-दोन पानांची पत्रं लिहायची, त्यात तक्रारी असायच्या, थापा असायच्या, "तू आली असतीस तर" असायचं. कुमीचं पत्र यायचं: "ताई आंबा घर भोंगा ये." दादा ते पत्र वाचून घडी घालायचे आणि बाहेर जाऊन उभे राहायचे.

ती शिवण शिकली. उत्तम शिवायची, तुमच्या आईची सगळी झबली तिच्या हातची. आई-दादांच्या मागे ती नगरला माझ्याकडे आली आणि शेवटपर्यंत राहिली. सुखात होती असं मी म्हणेन. पण आई गेली तेव्हा ती कित्येक महिने दुपारी चार वाजता पिशवी भरून मला गावी चल म्हणायची, कारण "आता नाही" आणि "आता कधीच नाही" यातला फरक मी तिला कशानेच सांगू शकले नाही.

रेवा, तुझ्या बाळाचे कान दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी तपासले, ते झोपेत असताना, असं तू सहज सांगितलंस. झोपलेल्या बाळाला कोणी बहीण खूण करू शकत नाही.

आता शेवटचं. तीन वर्षांपूर्वी, एका दुपारी, मी कुमीला सगळं सांगायचं ठरवलं. तिची माफी मागायची होती. वही घेऊन तिच्याशेजारी बसले. दवाखाना काढला, डॉक्टर काढले, घंटी काढली, एक लहान मुलगी आणि एक मोठी मुलगी काढली. तिला दोन्ही मुली लगेच ओळखू आल्या, ती खूश झाली. मग मी कान दाखवला, नाही अशी मान हलवली. माझ्याकडे बोट करून "वाईट" लिहिलं. "खोटं" लिहिलं. तिने शब्द एकेक करून बोटाखाली धरून वाचले. मी तसं केलं नसतं तर तू बोलली असतीस, एवढंच मला सांगायचं होतं. ते "नसतं" आणि ते "असतीस" मी कशाने काढणार होते? ते समजायचं जे दार होतं, तेच मी बंद केलं होतं. मला रडू आलं.

कुमी माझ्याकडे बघत राहिली. दवाखाना, डॉक्टर, कान, मी, वाईट. तिने ते जोडून बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर कळल्याची खूण उमटली. ती लगबगीने स्वयंपाकघरात गेली. पळीत तेल घालून त्यात लसणाची पाकळी तडतडवली, निववून आपल्या मनगटावर थेंब टाकून बघितला. मग माझं डोकं तिच्या मांडीवर घेतलं, कान वर केला, आणि कापसाच्या बोळ्याने कोमट तेल माझ्या धडधाकट कानात सोडलं. मी डोळे मिटून पडून राहिले. तेल आत उतरेपर्यंत हलायचं नाही, म्हणून तिने माझ्या गालावर हात दाबून ठेवला होता.